‘पाषंड’ शब्दाची कुळकथा

मराठीत एखाद्यास ‘पाखंडी’ म्हटले, तर त्याचा गौरव झाला असे कोणीही समजत नाही. धर्मबाह्य मत सांगणारा, वेदशास्त्रास न मानणारा, प्रसंगी दांभिक, असे जे अर्थ या शब्दाभोवती आज जमलेले आहेत ते सगळे निंदेचेच आहेत. अशा वेळी सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखाचा मूळ प्राकृत पाठ प्रथमच पाहणारा विद्यार्थी बुचकळ्यात पडला तर नवल नाही. राजा सर्व ‘पासंडां’चा दानाने व नाना प्रकारच्या पूजेने सत्कार करतो, असे त्या लेखाच्या आरंभीच सांगितले आहे. पुढे अशोक असेही सांगतो की, आपल्याला दानाचे किंवा पूजेचे तितके महत्त्व वाटत नाही, जितके सर्व पासंडांच्या ठिकाणी ‘सारवृद्धी’ व्हावी याचे वाटते. हा पासंड आणि आपला पाखंड एकच शब्द आहेत. मग अशोक ढोंग्यांची पूजा करीत होता की काय?

भाषांतरकार ही अडचण ‘संप्रदाय’ किंवा ‘पंथ’ असा शब्द घालून दूर करतात, आणि अर्थाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण तेवढ्याने अध्यापकाचे काम संपत नाही. ज्या शब्दाने एका राजाने आपल्या प्रजेतील सर्व धर्मपंथांना, त्यांत ब्राह्मणांनाही, एकाच आदराने संबोधिले, तोच शब्द पुढे बहिष्काराचा शिक्का कसा झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम अशोकाकडे वळू. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यास कोरविलेल्या त्याच्या शिलालेखांत हा शब्द वारंवार येतो. सर्व पासंडांनी सर्वत्र राहावे, कारण संयम आणि भावशुद्धी सर्वांनाच हवी असते, असे सातवा लेख सांगतो. पाचव्या लेखात धर्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमल्याचा उल्लेख आहे, आणि त्यांचे कार्यक्षेत्र सर्व पासंडांत आहे. तेराव्या लेखात ब्राह्मण, श्रमण ‘आणि अन्य पासंड’ अशी शब्दयोजना आहे. हा ‘अन्य’ शब्द फार मोलाचा आहे. ब्राह्मण आणि श्रमण हेही पासंडच, असे गृहीत धरल्याखेरीज बाकीच्यांना ‘अन्य पासंड’ म्हणता येत नाही. शिवाय पासंड म्हणजे केवळ संन्याशांचे समूह नव्हेत. प्रव्रजित आणि गृहस्थ असे दोन्ही प्रकारचे लोक त्यांत मोडतात, हे बाराव्या लेखावरून स्पष्ट होते.

या बाराव्या लेखात दोन सामासिक शब्द आहेत, ‘आत्मपासंड’ आणि ‘परपासंड’. स्वतःच्या पासंडाची अवास्तव स्तुती करू नये व दुसऱ्याच्या पासंडाची विनाकारण निंदा करू नये. जो असे करतो तो आपल्या पंथाचा मोठेपणा वाढवण्याच्या नादात त्याचीच अधिक हानी करतो, हा अशोकाचा युक्तिवाद. यासाठी त्याने सांगितलेला उपाय म्हणजे ‘वचोगुप्ती’, वाणीचा संयम. गिरनारच्या पाठात याच ठिकाणी ‘समवाय’, म्हणजे एकत्र येणे, हेच चांगले असे म्हटले आहे. लोकांनी एकमेकांचा धर्म ऐकावा व ऐकण्याची इच्छा धरावी, सर्व पासंड बहुश्रुत व्हावेत, अशी राजाची अपेक्षा आहे. या सर्व विवेचनात पासंड शब्दाला निंदेचा लवलेशही नाही. असता, तर ‘आत्मपासंड’ हा शब्द बनलाच नसता. स्वतःच्या पंथाला कोणी शिवी देत नाही.

याला दुसरा स्वतंत्र पुरावा परदेशातून मिळाला. अफगाणिस्तानात कंदाहार येथे १९६३ साली अशोकाचा एक ग्रीक भाषेतील लेख सापडला. त्यात बाराव्या लेखाचा शेवट आणि तेराव्याचा आरंभ आहे. तेथील ग्रीक लेखकाने पासंड या शब्दासाठी ‘दिआत्रिबे’ हा शब्द वापरला. तत्त्वज्ञान्याभोवती जमणाऱ्या शिष्यवर्गास, त्याच्या अध्ययनपीठास ग्रीक लोक हे नाव देत. दोन्ही भाषा जाणणाऱ्या त्या काळच्या माणसाला पासंड म्हणजे ‘एक विचारपीठ’ असे वाटले, हे यावरून उघड होते. गंमत अशी की, याच ग्रीक शब्दापासून आलेला इंग्रजीतील ‘डायट्राइब’ आज कडवट, शिवराळ भाषणाला लावतात. भाषांतराचे दोन्ही शब्द, इकडचा आणि तिकडचा, पुढे वाईट संगतीला लागले म्हणावयाचे!

आता व्युत्पत्ती. संस्कृत कोशकारांनी ‘पाषंड’ शब्दाची फोड करताना ‘पा’ म्हणजे पालन करणारा वेदत्रयीचा धर्म, आणि त्याचे खंडन करणारा तो पाखंड, असे सांगितले. ही व्युत्पत्ती अर्थ ठरल्यानंतर रचलेली आहे, हे सांगावयास नको. बौद्धांनीही आपल्या परीने तेच केले. पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोष याने ‘पास’ म्हणजे पाश, जाळे, आणि ते टाकणारे ते पासंड, असा अर्थ लावला. लोकांच्या चित्तावर खोट्या मतांचे जाळे फेकतात ते पासंड. वैदिकाने आणि बौद्धाने एकाच शब्दाची दोन वेगळी हाडे मोडली, पण दोघांनीही ती परक्याच्या अंगावर फेकण्यासाठीच मोडली!

खऱ्या मुळाचा माग लागतो तो वायव्येकडील लेखांत. शाहबाझगढी येथील खरोष्ठी लिपीतील पाठात हा शब्द ‘प्रषंड’ असा येतो. त्या बोलीची एक लकब प्रसिद्ध आहे. तीत ‘धर्म’ हा शब्द ‘ध्रम’ असा लिहिला जातो, म्हणजे रेफ मागे सरकतो. तोच न्याय लावला, तर ‘प्रषंड’च्या मागे ‘पर्षंड’ किंवा ‘पार्षंड’ असे रूप उभे राहते, आणि त्यावरून दृष्टी सहजच ‘पर्षद्’, ‘पार्षद’ या शब्दांकडे जाते. पर्षद् म्हणजे परिषद, सभा; पार्षद म्हणजे तीत बसणारा किंवा तिच्याशी संबंधित. वेदशाखांच्या उच्चारशास्त्राचे जे ग्रंथ प्रातिशाख्य म्हणून ओळखले जातात, त्यांना यास्काने निरुक्तात ‘पार्षद’ म्हटले आहे, कारण ते त्या त्या चरणाच्या परिषदेचे ग्रंथ होत. म्हणजे विशिष्ट विद्या किंवा आचार धरून बसणाऱ्या मंडळीला ‘पर्षद्’ म्हणण्याचा प्रघात वैदिकांतच होता. ‘द’च्या जागी अनुनासिकासह ‘ड’ कसा आला, हा प्रश्न या व्युत्पत्तीत अडचणीचा राहतो खरा. तरीही सुचविलेल्या सर्व मार्गांत हाच अधिक सयुक्तिक वाटतो. तो मान्य केला तर एक मौज होते. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपले वाचक नगरपालिकेच्या सभासदाला हिंदीच्या सवयीने ‘पार्षद’ म्हणतात. पार्षद आणि पाखंडी हे एकाच घरचे दोन भाऊ ठरतात. एकाला निवडून देतात, दुसऱ्याला वाळीत टाकतात.

‘पाषंड’चा ‘पाखंड’ होण्यात मात्र काहीच गूढ नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत ‘ष’चा उच्चार बहुतेक ठिकाणी ‘ख’ असा करतात. आपल्याकडील माध्यंदिन वैदिकांच्या तोंडून ‘पुरुष’चा ‘पुरुख’ ऐकलेला असेलच. उत्तरेकडील जुन्या हस्तलिखितांत तर ‘ख’साठी ‘ष’ हेच अक्षर लिहीत. मराठीत आषाढाचा ‘आखाड’ झाला, विषाचे जुन्या काव्यात ‘विख’ झाले, आणि ‘भाक देणे’ यातील भाक ही मूळची भाषाच. पाखंड त्याच रांगेतला.

अर्थाला वळण कोठे लागले? ते एकदम लागले नाही, आणि एकाच पक्षाने लावले असेही नाही. कलिंगाचा जैन राजा खारवेल भुवनेश्वरजवळील हाथीगुंफा लेखात स्वतःला सर्व पासंडांचा पूजक म्हणवितो. हा शब्द अभिमानाने मिरविण्याचा हा ठळक दाखला होय. पण त्याच जैनांच्या श्रावकाचारात सम्यक्त्वाचे जे अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत, त्यांत ‘परपासंडाची प्रशंसा’ आणि ‘परपासंडाशी परिचय’ हे दोन येतात. समास तोच, अशोकाच्या लेखातला. आज्ञा मात्र नेमकी उलटी. तरी ‘पर’ हे उपपद अजून लावावे लागते, यावरून आपलाही एक पासंड आहे ही जाणीव शिल्लक होती असे दिसते. अनुयोगद्वारसूत्रात तर श्रमण, भिक्षू, कापालिक, तापस, परिव्राजक ही सर्व ‘पासंडनामे’ म्हणून शांतपणे एका ओळीत मांडली आहेत. पुढे जैन परंपरेने परमतांची मोजणी केली ती ३६३ भरली: क्रियावादी १८०, अक्रियावादी ८४, अज्ञानवादी ६७ आणि विनयवादी ३२. बौद्ध अट्ठकथांत पासंडांची संख्या ९६ सांगतात. मोजणी सुरू झाली की मोजणारा स्वतः यादीबाहेर उभा राहतो.

हे बाहेर उभे राहणे संयुत्तनिकायातील एका छोट्या संवादात प्रत्यक्ष दिसते. सीसुपचाला नावाच्या भिक्षुणीला मार विचारतो की, तुला कोणाचा पासंड रुचतो? ती उत्तर देते की, मला कोणाचाच पासंड रुचत नाही. पासंड हे ‘येथून बाहेरचे’, असे ती म्हणते. बुद्धाचा धर्म त्यांत बसत नाही. उपासकाने ‘कोणत्या पंथाचा?’ असे विचारावे आणि समोरच्याने ‘आमचा पंथ नाही, आमचे सत्य आहे’ असे उत्तर द्यावे, तसा हा प्रकार आहे. एकदा असे झाले की शब्दाचे अर्धे काम संपले. उरलेले अर्धे निंदेने करावयाचे.

ब्राह्मणी वाङ्मयात दोन प्रवाह बराच काळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. अमरकोशाने पाषंडांचा अर्थ ‘सर्वलिंगी’, म्हणजे पंथाची नाना चिन्हे धारण करणारे, असा दिला. त्यात शिवी नाही. कौटिल्य पाषंडांना स्मशानाच्या कडेला वस्ती देतो आणि धर्मशाळेच्या रखवालदाराने पाषंडी पांथस्थाची वर्दी अधिकाऱ्यास द्यावी असे सांगतो, येथे संशय आहे. पण तोच कौटिल्य दुसरीकडे सांगतो की, आश्रमी आणि पाषंड यांनी मोकळ्या जागेत परस्परांना त्रास न देता राहावे आणि थोडी अडचण झाली तर सोसावी. मनुस्मृतीच्या आरंभी विषयानुक्रम येतो, त्यात पाषंड आणि गण यांचे धर्म सांगितले जातील असे म्हटले आहे, जणू तेही धर्मच. आणि चौथ्या अध्यायात पाषंड्याचा शब्दानेसुद्धा सत्कार करू नये अशी आज्ञा, तर नवव्यात जुगारी, नट, क्रूरकर्मी आणि मद्यविक्रेते यांच्या बरोबर पाषंडस्थांना नगरातून तात्काळ हाकलून द्यावे असे शासन. एकाच ग्रंथातील ही तीन स्थळे पाठोपाठ वाचावीत.

न्यायव्यवहाराचा प्रवाह मात्र अधिक व्यवहारी होता. नारदाने ‘समय’ या शब्दाची व्याख्या करताना पाषंडी, नैगम इत्यादींनी आपापसांत ठरविलेली स्थिती तो समय, असे म्हटले. याज्ञवल्क्याने श्रेणी, नैगम, पाखंडी आणि गण यांचे वेगळेपण राजाने राखावे, त्यांचा पूर्वीचा आचार चालू ठेवावा, असे सांगितले. यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरेत भाष्य केले. पाखंडी म्हणजे वेदाचे प्रामाण्यच ज्यांना मान्य नाही ते, नग्न, सौगत वगैरे. आणि तरीही राजाने त्यांचा समय रक्षिलाच पाहिजे, कारण मूळ वचनच तसे आहे. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सांध्यावर, चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे हे लिहिले गेले. व्याख्येने ज्यांना धर्माबाहेर काढले, त्यांनाच कायद्याने संरक्षण दिले. धर्मशास्त्राच्या टीकाकारांवर आपण संकुचितपणाचा आरोप नेहमी करतो; तो करताना हे स्थळ विसरू नये.

पुराणांनी ही सोय ठेवली नाही. विष्णुपुराणात शतधनू नावाच्या राजाची कथा आहे. उपवासाच्या दिवशी, गंगास्नान करून बाहेर येताच, त्याला एक पाषंडी भेटला. तो राजाच्या धनुर्विद्येच्या आचार्याचा मित्र होता, म्हणून राजाने सौजन्याने त्याच्याशी दोन शब्द बोलले. राणी शैब्येने मात्र तोंड फिरविले आणि सूर्याचे दर्शन घेतले. या संभाषणाचे फळ म्हणून राजाला कुत्रा, कोल्हा, लांडगा, गिधाड, कावळा, मोर असे जन्म घ्यावे लागले. पतिव्रता राणीने प्रत्येक जन्मी त्याला ओळखून त्याच्या अपराधाची आठवण दिली, तेव्हा तो सुटला. अशोकाच्या वचोगुप्तीचा अर्थ दुसऱ्या पंथाविषयी बोलताना जीभ आवरावी असा होता. या कथेत जीभ आवरावयाची ती त्याच्याशी मुळी बोलूच नये म्हणून. गुरूच्या मित्राशी केलेले साधे सौजन्य ज्या कथेत पाप ठरते, ती कथा रचणाऱ्याच्या काळात हे सौजन्य बरेच रूढ असले पाहिजे, एवढेही तीवरून कळते.

पद्मपुराणाच्या उत्तरखंडात हे वर्तुळ आणखी आवळले. नारायणाहून अन्य देवास श्रेष्ठ म्हणणारे, भस्म, अस्थी आणि कपाल धारण करणारे, तेही पाषंडी. म्हणजे शब्द वेदबाह्यांवरून निघून वेदमान्य शैवांच्या दारी पोचला. अकराव्या शतकातील कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटकात तर क्षपणक, भिक्षू आणि कापालिक हे तिघे रंगभूमीवर हास्यास्पद पात्रे म्हणून येतात.

मराठीत हा शब्द आला तो अशा रीतीने पुरता विटलेला होऊन आला. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेची प्रार्थना आहे. तीत पाखांडाची विवरे मोडून टाकावीत असे मागणे ज्ञानदेव मागतात. तेथे पाखांड म्हणजे वितंडवाद, कुतर्क यांच्या जातीची वस्तू आहे, विशिष्ट पंथ नव्हे. बौद्धमताचा उल्लेख त्यांना करावयाचा असतो तेव्हा पहिल्या अध्यायातील गणेशरूपकाप्रमाणे ते नावानेच करतात. तुकोबांनी आपल्या पाठीस लागून छळणाऱ्यांना पाखांडी म्हटले. सनातन्यांनी उठविलेल्या हल्ल्याला संताने त्यांच्याच शस्त्रागारातील शब्दाने उत्तर द्यावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पंथाला साधे नाव हवे तेव्हा मराठीने हा शब्द टाळला आणि पंथ, मार्ग, मत, संप्रदाय यांचा आश्रय केला. महानुभावांनी आपल्या पंथास ‘परमार्ग’ हे नाव दिले.

एकोणिसाव्या शतकात या शब्दाला आणखी एक कोलांटी मिळाली. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात स्वामी दयानंदांनी ‘पाखंडखंडिनी पताका’ उभारली. या वेळी पाखंड कोणते? मूर्तिपूजा, तीर्थमाहात्म्य आणि पुराणे! ज्या पुराणांनी इतरांना पाखंडी ठरविले, तीच आता त्या शब्दाच्या कक्षेत आली, आणि तीही वेदाच्याच नावाने. पुढे १८७५ मध्ये स्वामीजींची पुण्यात व्याख्याने झाली. हिंदीत ‘पाखंड’चा अर्थ आज मुख्यतः ‘धर्माच्या नावाने केलेले ढोंग’ असा आहे. मराठीत तो तितका उतरलेला नाही. आपण युरोपच्या इतिहासात १६०० साली जाळल्या गेलेल्या ब्रूनोला ‘पाखंडी’ म्हणतो तेव्हा तो ढोंगी होता असे सुचवीत नाही, तर चर्चच्या दृष्टीने भलत्या मताचा होता एवढेच सांगतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील ज्या शब्दाचे हे भाषांतर, तो ग्रीक ‘हैरेसिस’ही मुळात निरुपद्रवी होता. त्याचा अर्थ ‘निवड’, त्यावरून निवडलेला विचारपंथ. मागाहून चर्चने त्याला अपराधाचा अर्थ दिला. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, जे इन्क्विझिशन चालले, त्याचा आधार हाच अपराध होता.

अशोकाच्या लेखांचा आपल्या भागाशी संबंध दूरचा नाही. सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच नवव्याचा. या दोन्ही लेखांत आपला शब्द येत नाही. पण गुलबर्गा, आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नती म्हणून गाव आहे. तेथील चंद्रलांबा ही अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता. त्याच आवारातील कालीमंदिरात मूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेल्या शिळेवर १९८० नंतरच्या दशकात अशोकाचे लेख आढळले, आणि त्यांत बारावा लेख आहे. सर्व पासंडांचा सत्कार सांगणाऱ्या दगडावर कित्येक शतके देवीची मूर्ती उभी होती आणि कुलाचारासाठी येणारी माणसे तिच्यापुढे हात जोडीत होती.

भाषांतराचा प्रश्न अखेर उरतो. ‘संप्रदाय’ हा शब्द महाराष्ट्रात अद्याप निर्मळ आहे. ‘सांप्रदायिक भजन’ म्हटले की वारकऱ्यांचे टाळ-मृदंग डोळ्यांसमोर येतात. दंगलीला आपण ‘जातीय’ हे विशेषण लावतो. हिंदीत मात्र दंगलच ‘सांप्रदायिक’ असते. इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी मुलाच्या कानावर दोन्ही अर्थ एकाच दिवशी पडतात. घरी आजोबांचे भजन सांप्रदायिक आणि वर्तमानपत्रात जाळपोळ सांप्रदायिक. म्हणजे पासंडाच्या वाटेने संप्रदायही निघाला आहे, निदान त्या बाजूला. म्हणून बारावा शिलालेख शिकविताना अध्यापकांनी मूळ ‘पासंड’ शब्द, दंत्य ‘स’ राखून, फळ्यावर लिहावा आणि ‘धर्मपंथ’ असा अर्थ शेजारी द्यावा. ‘पाखंड’ हे रूप त्याच्या खाली, वेगळ्या ओळीत, काही शतकांचे अंतर दाखवून लिहावे.